शर्यतीचे कबूतर : पोसणे सारे दाण्यावर

शर्यतीचे कबूतर लांब नेऊन सोडले तरी आपली ढाबळ शोधत परत येते. याच गुणावर ओडिशा पोलिसांनी १९४६ साली निरोपसेवा उभी केली. १९९९ च्या महाचक्रीवादळात दळणवळण तुटले, तेव्हा ही पाखरे कामाला आली.

एका पाखराला दिवसाला साधारण ३० ग्रॅम दाणा पुरतो. मका, ज्वारी, बाजरीने ताकद येते. वाटाणा, मसुराने अंग भरते. पिल्ले पोसताना आणि पिसे झडताना कडधान्य वाढवा. शर्यतीआधी दोन-तीन दिवस मका व थोडी करडई जास्त द्या, कारण लांबच्या पल्ल्यात पाखरू अंगातली चरबी जाळते. परतल्यावर आधी पाणी, मग हलका दाणा. शिंपल्यांचा चुरा व बारीक खडे कायम ठेवा.

सरावाला पाखरू भुकेले सोडा, म्हणजे छपरावर न रेंगाळता ते आत शिरते. डबा वाजवून दाणा टाकायची सवय लावा. अंतर ५, १०, २० किलोमीटर असे हळूहळू वाढवा.

आता सगळ्यात महत्त्वाचे. पेरणीनंतर उरलेले, औषध चोळलेले बियाणे पाखरांना कधीही घालू नका. धुतले म्हणून त्यातले विष जातेच असे नाही. बांधावर सांडलेले बी मातीआड करा; शेजाऱ्याची पाखरे तिथेच उतरतात. बुरशी लागलेला मकाही नको. ग्रामसेवकांनी पेरणीपूर्वी एवढी सूचना चावडीच्या फळ्यावर जरूर लिहावी. वर्षभराची मेहनत मूठभर दाण्यापायी मातीत जायला नको.