मुंबईच्या करदात्यांची पहिली निवडणूक

मुंबईच्या नवघटित महापालिकेची पहिली सभा ४ सप्टेंबर १८७३ रोजी भरली. सभासदांची संख्या ६४ होती व त्यांपैकी ३२ जण शहरातील करदात्यांनी आपल्या मतांनी निवडून दिलेले होते. कलकत्त्याच्या नागरिकांना असा अधिकार मिळण्यास १८७६ साल उजाडावे लागले. मुंबईला तो आधी मिळाला. मात्र तो कोणी आपण होऊन दिलेला नव्हता. त्यामागे करांचा बोजा होता, रिकामी तिजोरी होती आणि दोन वर्षे चाललेले जोरदार आंदोलन होते.

१८६५ च्या कायद्याने शहराचा कारभार 'जस्टिस ऑफ द पीस' या पदवीधारकांच्या मंडळाकडे देण्यात आला होता. हे जस्टिस सरकारने नेमलेले, बहुधा धनिक व प्रतिष्ठित गृहस्थ असत. प्रत्यक्ष अंमलबजावणीचे सर्व अधिकार मात्र एकट्या म्युनिसिपल कमिशनरच्या हाती होते. या पदावर आलेले आर्थर क्रॉफर्ड हे धडाडीचे अधिकारी होते. रस्ते, गटारे, साफसफाई आणि त्यांच्याच नावाने प्रसिद्धी पावलेली मोठी मंडई अशी कामे त्यांच्या कारकीर्दीत झपाट्याने उभी राहिली. (या मंडईस पुढे महात्मा जोतीराव फुले यांचे नाव देण्यात आले. पुण्याच्या रे मार्केटलाही त्यांचेच नाव आहे. पुणे नगरपालिकेचे सभासद राहिलेल्या जोतीरावांचा त्या मंडईवरील खर्चास विरोध होता, हे ध्यानात घेता हा योग मोठा विलक्षण वाटतो.)

क्रॉफर्ड यांची कामे शहराच्या हिताची होती, याविषयी फारसा वाद नव्हता. वाद होता तो पैशाचा. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५ मध्ये ते युद्ध संपले, कापूस उतरला आणि शेअर बाजारातील सट्टा कोसळून अनेक पेढ्या बुडाल्या. मालमत्तेच्या किमती घसरल्या, पण भरभराटीच्या काळात हाती घेतलेला खर्च आणि त्यासाठी बसविलेले कर मात्र उतरले नाहीत. जस्टिसांच्या मंडळाला खर्चावर प्रभावी लगाम घालता आला नाही. १८७१ मध्ये पालिकेची आर्थिक स्थिती हलाखीची आहे हे उघड झाले, तेव्हा करदाते खवळून उठले आणि क्रॉफर्ड यांना पद सोडावे लागले.

यानंतर प्रश्न निर्माण झाला तो असा की, बिघाड माणसात होता की रचनेत? कमिशनरचे अधिकार काढून घेऊन ते एका समितीच्या हाती द्यावेत, असा लोकप्रिय सूर होता. २६ वर्षांचे तरुण बॅरिस्टर फिरोजशहा मेहता यांनी १८७१ च्या नोव्हेंबरात फ्रामजी कावसजी संस्थेत निबंध वाचून निराळे मत मांडले. अंमलबजावणी अनेकांच्या हाती दिल्यास जबाबदारी कोणाचीच राहत नाही. म्हणून ती एकाच अधिकाऱ्याकडे असावी, परंतु त्याच्यावर देखरेख ठेवणारे मंडळ करदात्यांनी निवडलेले असावे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. ज्या सभेत क्रॉफर्ड यांच्यावर रोष होता, तेथे त्यांच्या बाजूने दोन शब्द बोलणे सोपे नव्हते. मेहतांना श्रोत्यांचा विरोध सोसावा लागला. तथापि, पुढील वर्षी संमत झालेल्या कायद्याची मांडणी बऱ्याच अंशी त्यांच्या विचारांशी जुळणारी होती. अधिकारी कार्य करील आणि लोकप्रतिनिधी धोरण व पैसा यांवर नियंत्रण ठेवतील, ही आज प्रत्येक सभासदाला परिचित असलेली विभागणी मुंबईत अशा रीतीने रुजली.

१८७२ च्या या कायद्याप्रमाणे महापालिकेत प्रवेश करण्यास तीन दारे होती. ३२ सभासद करदात्यांनी, १६ जस्टिसांनी आपल्यातून आणि १६ सरकारने नेमावयाचे होते. जस्टिस हे मुळात सरकारनेच नेमलेले असल्याने लोकांचा खरा वाटा निम्माच राहिला. सभागृहातून आठ व सरकारकडून अध्यक्षासह चार, असे बारा जणांचे 'टाउन कौन्सिल' आर्थिक बाबी पाही. अंदाजपत्रक मंजूर करण्याचा अधिकार महापालिकेस होता आणि खरी शक्ती त्यातच होती.

परंतु मतदार कोण होते? वर्षाला किमान ५० रुपये पालिका कर भरणारा. त्या काळी ५० रुपये म्हणजे गिरणीत राबणाऱ्या माणसाची काही महिन्यांची मजुरी. १८७२ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ६,४४,४०५ भरली होती. त्यांतील फारच थोड्या घरमालक, व्यापारी व व्यावसायिक मंडळींना ही अट पुरी करता येत होती. येथे एक बारकावा पाहण्यासारखा आहे. चाळीतील भाडेकरू घरपट्टी भरत नव्हता असे नाही. ती भाड्यात मिसळून तोच देई. पण पावती मालकाच्या नावाने निघे, आणि मत पावतीवर मिळे. पाणी, गटार आणि रोगराई यांचा ज्यांच्याशी सर्वांत निकटचा संबंध, ते लोक मतदार यादीबाहेर राहिले.

असे असूनही या संकुचित मतदारसंघातून आलेले काही सभासद केवळ शोभेचे नव्हते. नवरोजी फर्दुनजी यांनी १८८५ मध्ये निधन होईपर्यंत नागरिकांची बाजू नेटाने लढविली. विश्वनाथ नारायण मंडलिक, सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारख्या अभ्यासू मंडळींनी सभागृहात हिशेब मागण्याची सवय लावली.

लॉर्ड रिपन यांनी १८ मे १८८२ च्या ठरावात स्थानिक संस्थांकडे लोकशिक्षणाचे साधन म्हणून पाहिले. १८८४ च्या कायद्यांनी मुंबई इलाख्यातील जिल्हा व तालुका लोकलबोर्डे आणि नगरपालिका यांत निवडणुकीचे तत्त्व पसरले. मुंबई शहरासाठी १८८८ चा स्वतंत्र कायदा झाला. त्याच्या घडणीत मेहता व काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांचा मोठा वाटा होता. सभासद ७२ झाले: ३६ प्रभागांतून, १६ जस्टिसांकडून, दोन विद्यापीठाच्या फेलोंकडून, दोन चेंबर ऑफ कॉमर्सकडून आणि १६ सरकारनियुक्त. टाउन कौन्सिलची जागा स्थायी समितीने घेतली. अनेक दुरुस्त्यांसह हाच अधिनियम बृहन्मुंबईस आजही लागू आहे.

निवडून आलेल्या सभागृहावर सरकारचा विश्वास मात्र मर्यादितच होता. १८९६ मध्ये प्लेगची साथ आली. दाट वस्त्या मोकळ्या करण्याचे काम महापालिकेकडे न सोपविता १८९८ मध्ये निराळा 'इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापण्यात आला आणि त्यात महापालिकेने निवडलेले सदस्य अल्पमतात ठेवण्यात आले. १९३३ मध्ये तो महापालिकेत विलीन झाला.

खुद्द मेहतांनाही निवडणुकीचा चटका बसला. १९०७ मध्ये त्यांना पाडण्यासाठी काही वरिष्ठ युरोपीय अधिकारी व एक संपादक यांनी गट बांधला आणि जस्टिसांच्या १६ जागांसाठी झालेल्या मतदानात मेहता सतरावे आले. पण वरच्या सोळांपैकी एकाचे महापालिकेशी कंत्राट असल्याचे सिद्ध होऊन त्याची निवड रद्द झाली आणि जागा मेहतांना मिळाली. संस्थेच्या कंत्राटात हितसंबंध असलेल्याने सभासद होऊ नये, हा नियम ग्रामपंचायतीच्या सभासदांनाही ठाऊक आहे. तो किती जुना आहे, हे यावरून दिसेल.

चाळीतल्या भाडेकरूचे काय झाले? त्याला १९२२ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी दरमहा दहा रुपये भाडे देणाऱ्यास मत मिळाले. त्याहून कमी भाड्याच्या खोलीत राहणारे तेव्हाही बाहेरच राहिले. पावती, भाडे आणि मालमत्ता यांची अट पूर्ण सुटून प्रौढ मतदानाने मुंबई महापालिकेची पहिली निवडणूक झाली ती १९४८ मध्ये, म्हणजे पहिल्या सभेनंतर पाऊणशे वर्षांनी.