गायब न झालेले ६९ जीबी

खडवलीहून लोकलने कल्याणला जाऊन एक टीबीची हार्ड डिस्क आणली आणि घरच्या विंडोज संगणकाला जोडली, की पडद्यावर ९३१ जीबीच दिसतात. मग संशय दुकानदारावर, कंपनीवर किंवा फॉरमॅटिंगवर जातो. माझ्या मते तिघेही निर्दोष आहेत. डिस्क पुरेपूर भरते. घोळ माप सांगण्यात आहे आणि तो विंडोजचा आहे.

कंपनीचा एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाईट, आणि तेवढे डिस्कवर खरोखर असतात. विंडोज मात्र १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाईटांना एक जीबी म्हणते, म्हणजे १०२४ चा घन. भागाकार करा, ९३१ येतात. इंग्रजी अमदानीत मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर बंगालचा ८२ पौंडांहून अधिक होता. धान्य तेच, आकडा वेगळा. तसेच हे. शिवाय एकक मोठे होते तशी तफावत वाढते: केबीला जेमतेम अडीच टक्के, टीबीला जवळजवळ दहा. म्हणूनच फ्लॉपीच्या काळात कुणाला हे खटकले नाही. (त्या ‘१.४४ एमबी’ फ्लॉपीत तर १००० आणि १०२४ यांची खिचडीच होती!)

संगणक दोनाच्या घातांत मोजतो, मग १०२४ च बरोबर नाही का, असे कुणी म्हणेल. रॅमपुरते ते खरे आहे, कारण तिथे पत्ते दोनाच्या घातांतच वाढतात. डिस्कवर तसे बंधन नाही. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने १०२४ च्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावे दिली. ॲपलने २००९ पासून मॅकवर हजाराचा हिशोब धरला. विंडोज जुने माप आणि चुकीचे नाव दोन्ही धरून बसले आहे. फॉरमॅटिंग थोडी जागा घेते खरी, पण ती ‘वापरलेली’ म्हणून वेगळी दिसते. ९३१ हा आकडा त्याआधीचा. मोठा आकडा छापणे कंपन्यांच्या सोयीचे आहे, हेही नाकारत नाही. अमेरिकेत यावरून खटले झाले आणि २००७ मध्ये सीगेटने तडजोड केली. पण खोक्यावर बारीक अक्षरांत बाईटांचा हिशोब असतो.

खरी फसवणूक निराळी असते: बनावट पेन ड्राइव्ह क्षमता पूर्ण दाखवतो आणि भरू लागले की फायली गिळतो. म्हणून नवी वस्तू आणल्यावर प्रॉपर्टीजमध्ये बाईटांचा आकडा पाहा, आणि स्वस्तातला पेन ड्राइव्ह असेल तर तो काठोकाठ भरून फायली उघडतात का, तेही तपासा.