भूत राहावे की जावे?

कोठूनसा आलेला एक निरुपद्रवी परका गावात शिरतो, सर्वांच्या उपयोगी पडतो, एका स्त्रीच्या मनात घर करतो आणि अखेरीस त्याच गावाला नकोसा होतो. या सूत्रावर जगभर चित्रपट निघाले. प्रेक्षकांचे मतभेद मात्र बहुतेक वेळा शेवटावर होतात. त्याने राहायला हवे होते की जायला, हा प्रश्न चित्रपट संपल्यावरही सुटत नाही. अमोल पालेकर यांच्या ‘पहेली’बाबत नेमके हेच घडले.

२४ जून २००५ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाचा नायक चक्क भूत आहे. व्यापाऱ्याचा मुलगा किशनलाल लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी वडिलांच्या आज्ञेने पाच वर्षांसाठी परमुलखी निघून जातो. वाटेत नवरीला पाहून मोहित झालेले भूत त्याचे रूप घेऊन घरी येते. घरातील सारे फसतात. लच्छीला मात्र ते पहिल्याच रात्री आपण कोण आहोत हे सांगून टाकते आणि निर्णय तिच्यावर सोपवते. शाहरुख खानने दोन्ही भूमिका केल्या, लच्छी झाली राणी मुखर्जी, तर पटकथा संध्या गोखले यांनी लिहिली. राजस्थानी कथाकार विजयदान देथा यांच्या ज्या कथेवर चित्रपट बेतला आहे, तिच्यावर मणी कौल यांनी १९७३ मध्येच ‘दुविधा’ काढला होता.

पहिला आक्षेप नीतीचा. परपुरुषाशी संबंध, तोही गोंडस करून दाखवलेला, हे अनेकांना रुचले नाही. हा आक्षेप निदान वऱ्हाडात तरी घाईने घेऊ नये. अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी कौंडण्यपूर आहे. रुक्मिणीचे हे माहेर. भावाने शिशुपालाशी लग्न ठरवले असता तिने आपण होऊन कृष्णाला निरोप धाडला आणि अंबिकेच्या देवळातून ती त्याच्याबरोबर निघून गेली, ही कथा या भागात कोणाला सांगावी लागत नाही. दर आषाढीला कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. नवरा कोण हे घराने ठरवायचे की तिने, हा प्रश्न तिवशाच्या प्रेक्षकाला मुंबईच्या पडद्याने शिकवण्याची गरज नव्हती. लच्छीचा मामला अर्थातच अधिक अवघड आहे, कारण तिचे लग्न होऊन गेलेले आहे. पालेकरांनी मात्र स्त्रीच्या निवडीचा हा विषय आधी मराठीतही हाताळला होता. २००३ च्या ‘अनाहत’मध्ये राजाज्ञेने एका रात्रीसाठी परपुरुष निवडावा लागलेली राणी आहे. ‘पहेली’ त्याच विचाराचे रंगीत, गाणी असलेले भावंड होय.

रंग आणि कठपुतळ्यांची बडबड अति झाली, असेही काहींचे म्हणणे. ते फारसे खोटे नाही.

खरा वाद शेवटाचा. काही वर्षांनी खरा किशनलाल परततो, दोघे समोरासमोर उभे राहतात आणि निवाडा एका मेंढपाळाकडे जातो. प्रेम खरे असल्याचे सिद्ध करण्याच्या भरात भूत त्याच्या चामडी पिशवीत शिरते व तेथेच अडकते. देथांच्या कथेत लच्छीच्या वाट्याला पुन्हा तोच कोरडा नवरा येतो. ‘दुविधा’नेही हा शेवट ढळू दिला नाही. ‘पहेली’त मात्र भूत किशनलालच्या देहातून परत येते आणि लच्छीचे दुःख एका क्षणात हरपते. कोट्यवधी रुपये खर्चून काढलेल्या चित्रपटाने प्रेक्षकाला रडवून घरी पाठवू नये, हा व्यवहार समजण्यासारखा आहे. तरीही तिकीटबारीवर चित्रपटाला बेताचाच प्रतिसाद मिळाला. ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून तो पाठवला गेला, पण अंतिम नामांकनात आला नाही.

परक्याला जाऊ देणारा शेवट पाहायचा तर टिम बर्टनच्या १९९० च्या ‘एडवर्ड सिझरहँड्स’कडे वळावे लागते. एडवर्डला घडवणारा संशोधक त्याला हात बसवण्याआधीच मरण पावतो, त्यामुळे बोटांच्या जागी कात्र्या राहतात. डोंगरावरच्या वाड्यातून एक बाई त्याला आपल्या घरी आणते. तो झुडपे कातरतो, बायकांचे केस कापतो, आणि काही काळ सारी वस्ती त्याच्यावर फिदा असते. किम या मुलीवर त्याचा जीव जडतो. तिला तो मिठीत घेऊ पाहतो, पण आपल्या कात्र्यांकडे पाहून थबकतो. पुढे हीच वस्ती त्याच्या मागे लागते. तो वाड्यात परततो, किम म्हातारी होते, आणि त्याने बर्फात कोरलेल्या पुतळ्यांचा चुरा वस्तीवर हिम होऊन पडत राहतो. ती दोघे एकत्र का राहू शकली नाहीत, अशी हळहळ व्यक्त करणारे प्रेक्षक पुष्कळ. पण ती एकत्र राहिली असती तर वस्तीने काय केले हे कोणाच्या ध्यानातही राहिले नसते.

वऱ्हाडी मनाला निघून जाणारा माणूस अनोळखी नाही. गाडगेबाबा खराटा घेऊन गावात येत, गाव झाडून काढत, रात्री कीर्तन करत आणि पुढच्या गावाला निघत. पंढरपूर, नाशिक येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या, स्वतः मात्र कोठेही स्थिरावले नाहीत. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ, प्रवासातच त्यांचे निधन झाले. अर्थात, त्यांचे जाणे स्वेच्छेचे होते, एडवर्डचे नव्हते. हा फरक लहान नाही.

‘पहेली’कडे परत पाहिले की एक गोष्ट खटकते, आणि तिची चर्चा फारशी झाली नाही. भूत परतले, मग किशनलाल कोठे गेला? तो दुष्ट नव्हता. बापापुढे मान वर न करणारा, हिशेबाच्या वहीत डोके खुपसून बसणारा मुलगा. काही वर्षे परमुलखी घालवून तो दारात उभा राहतो, तर घरात त्याच्याच चेहऱ्याचा दुसरा कोणी नांदत असतो आणि आपणच खरे हे त्याला सिद्ध करून दाखवावे लागते. त्या घटकेला वाड्यातला परका तोच असतो. देथांनी त्याला निदान घर परत दिले. पालेकरांनी त्याचा देह तेवढा भुताला दिला, आणि लच्छीच्या आनंदात त्याच्याबद्दल विचारायला कोणी उरले नाही.