आमच्या गावाचे माहेर : जंजिरा

सूरत जिल्ह्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला दोन-तीन दिवसांची सलग सुटी मिळाली म्हणजे ती कोठे घालवावी, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. रविवारची संध्याकाळ डुमसच्या किनाऱ्यावर टोमॅटोची भजी खाण्यात सरते. फार तर दांडी, उभराट किंवा तिथल गाठता येते. त्यापुढे जावयाचे म्हटले की घरातल्या कर्त्या पुरुषांच्या तोंडी एकच नाव येते, ते दमणचे. गुजरातेत दारूबंदी आहे आणि दमणला ती नाही, एवढ्या एका गोष्टीने कितीएक घरांच्या सुट्या गिळून टाकल्या आहेत. आमच्या सचिनच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार कुटुंबांत हे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. सुटी पुरुषांची होते. बायकामुलांच्या वाट्याला येते ती वाट पाहणे आणि नंतरची अबोल सोमवारची सकाळ.

म्हणून गेल्या जानेवारीत आम्ही घरातल्या सर्वांना बरोबर घेऊन एका बेटावर जाण्याचा बेत केला. परदेशातील लोक विसाव्यासाठी सिसिली, मदीरा अशा बेटांवर जातात. तेथे डोंगरउतारांवर द्राक्षांचे मळे असतात आणि गावोगावची द्राक्षासव पाहुण्यांपुढे येतात, असे वाचावयास मिळते. आपल्या कोकणच्या खाऱ्या वाऱ्यात द्राक्षवेल रुजत नाही. तेथे नारळी-पोफळी आहेत, समुद्र आहे आणि आमच्यापुरते बोलावयाचे तर आणखी एक नाते आहे. ते बेट आमच्या गावाचे माहेर आहे.

बाळूमियाची जहागीर

हे नाते सचिनमध्ये राहणाऱ्या फार थोड्या मराठी माणसांना ठाऊक असते. मुंबईहून सूरतेकडे येताना मरोलीनंतर लागणारे आमचे हे स्टेशन. बाहेरच्यांना सचिन म्हटले की क्रिकेटपटू आठवतो, आणि आमच्या शेजाऱ्यांना हातमागाची जागा घेतलेले यंत्रमाग आठवतात. परंतु सचिन हे एके काळी स्वतंत्र संस्थान होते आणि त्याचे नवाब जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातले होते.

त्याची हकीकत अशी. १७८४ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी अब्दुल रहीम वारला आणि गादीचा तंटा उभा राहिला. त्याचा मुलगा अब्दुल करीम, ज्याला लोक बाळूमिया म्हणत, हा हक्कदार. पण किल्ला सिद्दी जोहरच्या ताब्यात गेला. (पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर तो हा नव्हे; त्या दोघांत सव्वाशे वर्षांचे अंतर आहे.) बाळूमिया पुण्याला पेशव्यांच्या आश्रयास आला. अखेर १७९१ मध्ये करार झाला : बाळूमियाने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांना लिहून द्यावा आणि त्याच्या मोबदल्यात पेशव्यांनी त्याला सूरतेजवळ पाऊण लाख रुपये वार्षिक उत्पन्नाचा मुलूख द्यावा. हा मुलूख म्हणजेच सचिन संस्थान.

पेशव्यांनी दिले ते बाळूमियाला मिळाले. बाळूमियाने दिले ते पेशव्यांना कधीच मिळाले नाही. जंजिरा जोहरकडेच राहिला. पुढे दोन्ही संस्थाने इंग्रजी अमदानीत नांदली आणि १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली. याच सचिनच्या नवाबांशी नाव जोडले जाणाऱ्या फातमा बेगम यांनी १९२६ मध्ये 'बुलबुले परिस्तान' हा चित्रपट दिग्दर्शित करून भारतातील पहिल्या स्त्री-दिग्दर्शिकेचा मान मिळवला. त्यांची कन्या झुबेदा १९३१ च्या 'आलम आरा'ची नायिका. सूरतेच्या मराठी माणसाला १६६४ आणि १६७० ही दोन साले पाठ असतात. १७९१ हे तिसरे सालही त्याने ध्यानात ठेवावे, असे आम्हांला वाटते.

वाटेवरची दोन गावे

रात्रीच्या गाडीने सूरत सोडले की पहाटे मुंबई. गेटवे ऑफ इंडियावरून मांडव्याला लाँच जाते. प्रवास सुमारे तासाभराचा. थंडीच्या दिवसांत पांढरे कुरव पक्षी लाँचभोवती घिरट्या घालतात, आणि मुले त्यांना पाहण्यात अशी गुंगतात की तास कसा गेला ते कळत नाही. मांडव्याहून अलिबाग, आणि अलिबागहून मुरूड सुमारे पन्नास किलोमीटर. हा रस्ता घाईने संपवू नये. त्यावर दोन ठिकाणे अशी आहेत की महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबाने तेथे मुद्दाम थांबावे.

पहिले रेवदंड्याच्या खाडीपलीकडचे कोर्लई. येथील ख्रिस्ती वस्ती घरात एक निराळीच बोली बोलते. पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संगमातून जन्मलेल्या या बोलीला ते 'नौ लिंग', म्हणजे 'आमची भाषा', म्हणतात. पोर्तुगीज १७४० मध्ये हा भाग सोडून गेले. त्यानंतर या बोलीला ना राजाश्रय राहिला, ना शाळा. बोलणारे फार तर हजारभर. तरीही पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ ती चुलीपाशी आणि ओटीवर जिवंत राहिली.

दुसरे म्हणजे या पट्ट्यातील बेने इस्राएलांची गावे. कित्येक शतके ही मंडळी येथे तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्यांच्या शुक्रवारच्या सायंप्रार्थनेला द्राक्षरस लागतो. या किनाऱ्यावर द्राक्षे कोठली? ते काळ्या मनुका पाण्यात भिजवून त्यांचा रस काढीत आणि आपला विधी पार पाडीत. त्यांच्यापैकी बहुतेक इस्राएलला गेले. तेथेही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले. आपल्याजवळ जे नाही त्याची खंत न करता जे आहे त्यातून आपला आचार सांभाळावा, ही शिकवण आम्हांला त्या मनुकांच्या रसात दिसली.

मुरूडचा विसावा

मुरूडला आम्ही एका वाडीतल्या घरगुती खोल्यांत उतरलो. सकाळी पोफळींच्या बागेत पाटाचे पाणी खळखळत असे. आमच्या मातोश्रींचे वय ऐंशीच्या घरात. त्या ओटीवर बसून यजमानीणबाईंशी सुपारीच्या भावापासून सोलकढीच्या चवीपर्यंत बोलत राहिल्या. इतके अखंड मराठी बोलणे त्यांच्या कानी कित्येक वर्षांत पडले नव्हते. सूनबाई दोन दिवस स्वयंपाकघरात गेल्या नाहीत, हा तर आमच्या घरातील ऐतिहासिक प्रसंग म्हणावयास हवा.

संध्याकाळी वालाच्या शेंगांची पोपटी लागली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, आणि भोवती जाळ. आमच्या वलसाडकडचे उंबाडियू खाल्लेल्याला ही रीत परकी वाटणार नाही. तेथेही मडके उलटे ठेवून पालापाचोळ्याच्या विस्तवावर कंद आणि शेंगा शिजवतात. पाने निराळी, मसाला निराळा, पण हिवाळ्यातली शेते आणि विस्तवाभोवतीचा घोळका एकच. राज्यांच्या सीमा आखणारांना चुलीच्या सीमा आखता आलेल्या नाहीत.

पिंपांतील सैन्य

दुसऱ्या दिवशी राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसलो. 'जंजिरा' हा शब्द अरबी 'जझीरा'वरून आला; त्याचा अर्थच बेट. पाण्यातून सरळ वर आलेला काळा तट, त्याचे बुरूज आणि अगदी जवळ जाईपर्यंत डोळ्यांना न सापडणारा दरवाजा पाहून नातीने आमचा हात घट्ट धरला. नावाड्याने विचारले, "कुठलं गाव, गुरुजी?" आम्ही सचिन म्हणताच त्याने मान हलवली, नाव त्याच्या ऐकिवात नव्हते. बाळूमियाची गोष्ट सांगितली तेव्हा तो हसून म्हणाला, "म्हणजे तुम्ही आमच्या राजाच्या भाऊबंदांच्या गावचे!"

पूर्वी या खडकावर कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता आणि राम पाटील त्यांचा मुख्य. पंधराव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीच्या पिरमखानाने तो कसा घेतला, ही कथा प्रसिद्ध आहे. व्यापाऱ्याच्या वेषात तो गलबत घेऊन आला. मद्य आणि रेशीम भरले आहे असे सांगून त्याने आपला माल बेटावर उतरवला, आणि कोळ्यांना मेजवानी देऊन यथेच्छ मद्य पाजले. सारे धुंद झाल्यावर मालाच्या पेट्या-पिंपांतून हत्यारबंद शिपाई बाहेर पडले. जे बेट पुढे तोफांना, सुरुंगांना आणि सेतूला दाद देणार नव्हते, ते एका रात्रीच्या पिण्याने गेले. आमच्या मुलाने ही कथा शांतपणे ऐकली. तो कारखान्यात नोकरीस आहे. दमणचा रस्ता त्याच्या मित्रमंडळींना परिचित आहे. आम्ही अधिक काही बोललो नाही. काही धडे मास्तरांनी न शिकवता दगडांनी शिकवावेत.

दगडी तट सोळाव्या शतकातले. आत गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत. चहूकडे खारे पाणी असताना ही गोडी कोठून येते, याचे मुलांना फार नवल वाटते. बुरुजावर कलालबांगडी ही प्रचंड तोफ आहे. दरवाजापाशी सहा हत्तींना पकडून ठेवणाऱ्या हिंस्र श्वापदाचे शिल्प आहे. एके काळी किल्ल्यात मोठी वस्ती होती. आता पडके वाडे आणि वडा-पिंपळाची मुळे तेवढी उरली आहेत.

तटावरून वायव्येला पद्मदुर्ग दिसतो. जंजिऱ्याला शह देण्यासाठी शिवछत्रपतींनी कासा बेटावर तो उभारला. त्याच्या कामाला रसद पोहोचवण्यात कुचराई झाली तेव्हा १६७५ मध्ये त्यांनी जिवाजी विनायक सुभेदाराची कडक शब्दांत हजेरी घेतली. लाय पाटलाने रात्री तटाला शिड्या लावल्या, पण कुमक वेळेवर आली नाही, अशी कथा सांगतात. १६८२ च्या मोहिमेत संभाजी महाराजांनी खाडी बुजवण्याचा उद्योग आरंभला होता. मोगली स्वारीमुळे तो अर्धवट सोडावा लागला.

हे ऐकून नातीने प्रश्न केला, आणि तोही मराठीत, जी एरवी घरी आमच्या मराठीला गुजरातीत उत्तर देते : "आजोबा, मग आपण कुणाच्या बाजूचे?" होडीतील सारेच हसले, आम्हांला मात्र हसू आले नाही. महाराज आपले, हे तर खरेच. पण ज्या सचिनमध्ये आपली शाळा आहे, आपले शेजारी आहेत, त्या गावाचा इतिहास याच दरवाजातून बाहेर पडला. आम्ही तिला एवढेच सांगितले की, लढाई ज्यांची होती त्यांनी ती लढली. आपण दोघांचीही गोष्ट नीट सांगायची, काही लपवायचे नाही. तिचे समाधान झाले की नाही, ठाऊक नाही. घरी परतल्यावर तिने बाळूमियाची गोष्ट शेजारच्या मैत्रिणीला गुजरातीत सांगितली, हे मात्र आम्ही ऐकले.

जाणारांसाठी चार शब्द

पावसाळ्यात किल्ला आणि मांडव्याची लाँच दोन्ही बंद असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. होडीतून दरवाजाशी उतरताना लाटांचा हेलकावा असतो, म्हणून वृद्धांनी आणि गुडघेदुखीच्या मंडळींनी मुरूडच्या किनाऱ्यावरच विसावावे. होडीवाले परतीची वेळ ठरवून देतात, ती पाळावी. तटावर कठडे नाहीत, मुलांचा हात सोडू नये. किल्ल्यात खाण्यापिण्याची सोय धरू नये. पाणी बरोबर न्यावे आणि रिकाम्या बाटल्या परत आणाव्यात.

आणि एक विनंती. जाण्यापूर्वी आठवडाभर रोज रात्री मुलांना या बेटाची एकेक गोष्ट मराठीत सांगावी. कोर्लईच्या हजारभर माणसांनी कोणाच्या मदतीवाचून आपली बोली राखली. आपल्यामागे तर सारा महाराष्ट्र उभा आहे, आणि सूरतेहून तो एका रात्रीच्या गाडीवर आहे.