वजन उतरलं, कातडी उरली

सप्टेंबर 2011 मध्ये नितीन गडकरींनी मुंबईत वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. तेव्हा ते भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष होते, वय 54. शस्त्रक्रिया डॉ. मुफ्फझल लकडावाला यांनी केली. बातमी मुंबई-दिल्लीची असली तरी तिची खरी चर्चा नागपुरात झाली. सावजीच्या रश्श्यावरची तर्री आणि पाहुण्याच्या हातात संत्रा बर्फीचा डबा या गोष्टी जिथे गृहीतच धरलेल्या असतात, त्या गावात ‘पोट कापून लहान करतात’ ही कल्पना पचायला जडच होती. पण आपल्याच गावचा, रोज पेपरात दिसणारा माणूस ही शस्त्रक्रिया करून घेतो आणि लपवत नाही, यानं एक मोठं काम झालं. ‘बॅरिएट्रिक’ हा शब्द धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांच्या पाट्यांवरून घराघरांतल्या बोलण्यात आला.

तसं पाहिलं तर वजनाच्या प्रश्नावर नागपूरनं त्याआधीच एक स्वतःचं उत्तर काढून ठेवलं होतं. डॉ. श्रीकांत जिचकार लोकांना पदव्यांच्या यादीमुळे आठवतात, पण दिवसातून दोनदाच जेवा, अधेमधे तोंड हलवू नका, हा विचार ते भाषणांतून मांडत असत. 2004 मध्ये कोंढाळीजवळच्या अपघातात ते गेले. त्यांच्या विचारावर आधारलेली मोहीम पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रभर नेली. दोन जेवणं, प्रत्येक 55 मिनिटांच्या आत, बाकी वेळ इन्सुलिनला विश्रांती. मग दीक्षित की दर दोन तासांनी खायला सांगणाऱ्या ऋजुता दिवेकर, यावरून लग्नाच्या पंगतीतही दोन तट पडू लागले. या पद्धतीनं वजन उतरलेली मंडळी मी पाहिली आहेत. पण ज्यांचं वजन सव्वाशे-दीडशे किलोवर गेलेलं असतं, ज्यांना रात्री झोपेत श्वास अडकल्यामुळे उठून बसावं लागतं, त्यांच्यासाठी दोन जेवणांचा नेम बहुतेक वेळा तोकडा पडतो. शस्त्रक्रिया या दुसऱ्या गटासाठी आहे.

तिचा इतिहास गडकरींच्या बातमीपेक्षा बराच जुना. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या एडवर्ड मेसन यांनी 1966 मध्ये गॅस्ट्रिक बायपास केली. 1994 मध्ये तीच शस्त्रक्रिया दुर्बिणीतून होऊ लागली आणि पोटावरच्या हातभर छेदाची भीती गेली. मधल्या काळात जठराभोवती सिलिकॉनचा पट्टा आवळण्याची पद्धत आली. सोपी वाटली म्हणून खूप चालली, पट्टा सरकतो, रुततो असं लक्षात आल्यावर मागे पडली. आज आपल्याकडे निवड असते ती मुख्यतः तिघांत. स्लीव्हमध्ये जठराचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग कापून कायमचा काढतात, उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. भूक लावणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्या काढलेल्या भागातच बनत असल्यानं भूकही मंदावते. पण जळजळ, आंबट ढेकर हा त्रास आधीपासून असेल तर स्लीव्हनंतर तो वाढू शकतो. बायपासमध्ये जठराची अगदी छोटी पिशवी ठेवून तिला आतड्याचा पुढचा भाग जोडतात. मधुमेह जुना असेल किंवा जळजळ जास्त असेल तर डॉक्टर तिकडे झुकतात. मिनी बायपासमध्ये जोड एकच, वेळ कमी, पण लोह, बी-12, कॅल्शियम यांची उणीव जन्मभर सांभाळावी लागते. स्लीव्ह आणि बायपास यांची पाच वर्षं तुलना करणारे स्वित्झर्लंड आणि फिनलंडमधले दोन अभ्यास 2018 मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाले. वजन उतरण्यात दोघांत फार मोठं अंतर नाही, असाच त्यांचा एकंदर कौल होता.

इथपर्यंतचं सगळं पेशंटला ओपीडीत सांगितलं जातं. पोटाचं रंगीत चित्र काढून, बाण दाखवून सांगितलं जातं. चित्रात कातडी नसते.

2011 पासूनच्या बातम्या पुन्हा चाळल्या तर हेच दिसतं. प्रत्येक बातमी काट्यावर सुरू होते आणि काट्यावर संपते. फेब्रुवारी 2017 मध्ये इजिप्तची इमान अहमद मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली ती ‘500 किलोची बाई’ म्हणून. मार्चमध्ये तिची स्लीव्ह झाली, मग नेमकं किती वजन उतरलं यावरून तिची बहीण आणि डॉक्टर यांच्यात जाहीर वाद पेटला. मे महिन्यात तिला अबुधाबीला हलवलं आणि सप्टेंबरमध्ये ती गेली. तिच्याबद्दल एवढं छापून आलं, त्यात माझ्या लक्षात राहिले ते किलोच. गडकरींचंही तसंच. फेब्रुवारी 2022 मध्ये उज्जैनच्या सभेत त्यांनी खासदार अनिल फिरोजियांना, जितके किलो कमी कराल तितके हजार कोटी मतदारसंघाला देतो, असं जाहीर करून टाकलं. आपलं स्वतःचं वजन 135 होतं, आता 93 आहे, हेही सांगितलं. सभेत हशा पिकला. किलोला भाव मिळाला, तोही हजार कोटींचा!

किलो गेल्यावर मागे काय राहतं, ते माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेकडून कळलं. स्लीव्ह करून तिनं पन्नासेक किलो घालवले. साखरेची गोळी सुटली, गुडघे चालू लागले. महाल भागातल्या टेलरकडे ब्लाउज लहान करायला गेली तर तो टेप हातात धरून थांबला. “ताई, कमर तर मी आत घेतो. पण दंडाचं माप कोणतं धरू? हात खाली असला की एक येते, वर केला की दुसरंच येते.” तिनं पुढे पूर्ण बाह्यांचे पंजाबी ड्रेस शिवले, मे महिन्यातही. शाळेत फळ्यावर वरच्या ओळीत लिहिताना ती डाव्या हातानं उजवी बाही धरून ठेवते, हे मी नंतर पाहिलं.

असं का होतं, याचं कारण साधं आहे. कातडीला ताण देऊन परत आकसवणारे तंतू, म्हणजे कोलॅजन आणि इलॅस्टिन, वर्षानुवर्षं ताणले गेले की तुटतात. जुन्या परकराचं सैल पडलेलं इलॅस्टिक धुऊन आवळत नाही, तसंच हे. वय, सिगारेट, बाळंतपणं, किती वर्षं वजन होतं आणि किती किलो गेलं, यावर बरंच ठरतं. शस्त्रक्रिया कोणती केली यापेक्षा वजन किती उतरलं हे महत्त्वाचं. त्यामुळे ‘कातडी लोंबू नये म्हणून कोणती करू?’ या प्रश्नाला डॉक्टरकडे प्रामाणिक उत्तर नाही. जी चांगली लागू पडेल ती जास्त कातडी सोडून जाईल, हे मात्र खरं. व्यायामानं खालचा स्नायू भरतो, थोडी जागा व्यापतो. क्रीम आणि तेलांच्या जाहिरातींवर मी एक ओळही खर्च करणार नाही.

हा प्रश्न नुसता दिसण्याचा असता तर एवढं लिहिलं नसतं. ओटीपोटावरून मांडीवर आलेली कातडीची घडी खालची जागा हवेपासून तोडते. घाम साचतो, कातडी कातडीवर घासते, लाल होते, मग बुरशी धरते. पावडर टाकली तर घामात तिचा लगदा होतो. मग जुन्या सुती धोतराची चौकोनी घडी करून आत ठेवायची आणि दुपारी बदलायची. नागपूरनं मे 2013 मध्ये 47.9 अंश पाहिले आहेत. इथला उन्हाळा मार्चमध्ये सुरू होतो आणि मग पावसाळी दमटपणा त्याची जागा घेतो, म्हणजे वर्षातले सहा-सात महिने ही घडी ओलीच.

त्यावरचा उपाय दुसरी शस्त्रक्रिया. तोही नवा नाही. जॉन्स हॉपकिन्समध्ये हॉवर्ड केली यांनी 1899 मध्ये पोटावरची लोंबती चरबी आणि कातडी कापून काढली होती. आज त्याला सगळे टमी टक म्हणतात. पोटाखाली कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत छेद, कधी उभा छेदही. दंडाला काखेपासून कोपरापर्यंत, मांडीला आतून. व्रण कायमचे राहतात. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर साधारण दीड वर्ष थांबायचं, वजन काही महिने एका जागी टिकलेलं हवं, हिमोग्लोबिन आणि प्रथिनं ठीक हवीत, नाहीतर जखम उसवते. इथे पहिल्या शस्त्रक्रियेचा हिशेब पुन्हा समोर येतो. बायपासवाल्यानं लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चुकवल्या असतील, वरण-भातावरच भागवून रोजची साठेक ग्रॅम प्रथिनं पोटात गेली नसतील, तर प्लॅस्टिक सर्जन त्याला परत पाठवतो. नंतर कित्येक आठवडे घट्ट पट्टा घालावा लागतो, म्हणून नागपुरात हे काम दिवाळीनंतर काढणं शहाणपणाचं.

आणि खर्च. विमा नियामकानं 2019 मध्ये वगळलेल्या उपचारांची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यात स्थूलत्वाच्या शस्त्रक्रियेला दार उघडलं: वय 18 पूर्ण, बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त, अथवा 35 आणि सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह, गंभीर स्लीप ॲप्निया, हृदयविकार यांसारखं काही. चांगला निर्णय होता. मात्र त्याच यादीत कॉस्मेटिक आणि प्लॅस्टिक सर्जरी वगळलेली आहे, अपघात, भाजणं आणि कर्करोगानंतरची दुरुस्ती सोडून. जीएसटीतही तसंच. आरोग्यसेवा करमुक्त, पण कॉस्मेटिक आणि प्लॅस्टिक सर्जरी त्या सवलतीबाहेर. जन्मजात दोष आणि इजा यांना सूट आहे, वजन उतरल्यानं आलेल्या कातडीचं नाव नाही. म्हणजे पोट लहान करणं हा उपचार आणि त्याच उपचाराचा ठरलेला परिणाम निस्तरणं ही हौस! एका आजाराचे हे दोन तुकडे कागदावर कुणी केले असतील ते असोत, त्यांनी विदर्भातला उन्हाळा काढलेला नाही.

आता वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचं युग आलं आहे. मार्च 2025 मध्ये मौंजारो भारतात आलं, जूनमध्ये वेगोव्ही. वेगोव्हीतल्या सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत इथे मार्च 2026 पर्यंतचीच. शस्त्रक्रियेला कधीच तयार झाला नसता असा माणूसही आता आठवड्याला एक सुई टोचून घेतो आणि वजन उतरवतो. ताणलेल्या कातडीला वजन सुरीनं गेलं की सुईनं, याच्याशी देणंघेणं नाही. म्हणजे घडीखाली कापड ठेवणारी माणसं वाढतील.

त्यांच्यासाठी विम्याच्या त्या वगळणाऱ्या कलमातच एक फट आहे. तात्काळ आणि थेट आरोग्यधोका दूर करण्यासाठी गरजेची असेल तर अशी सर्जरी मान्य होऊ शकते, उपचार करणाऱ्या डॉक्टरनं तसं प्रमाणित केलं पाहिजे. म्हणून पुरळ आलं की घरच्या घरी पावडर लावून वेळ मारून नेऊ नका. दर वेळी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, तारखेची चिठ्ठी घ्या, फोटो काढून ठेवा, औषधांची बिलं फेकू नका. दावा मंजूर होईलच असं नाही. पण फाईल रिकामी असेल तर तो विचारातही घेतला जाणार नाही.