गोठणं म्हणजे उलटं वितळणं नव्हे

दिवसा गरम पाणी नळ्यांतून फिरवायचं, भोवतीचं पॅराफिन मेण वितळू द्यायचं आणि रात्री ते गोठताना सुटणारी उष्णता परत घ्यायची, ही साठवण कागदावर सोपी दिसते. एक किलो मेण वितळताना साधारण २०० किलोज्यूल अप्रकट उष्मा शोषतं आणि गोठताना तेवढाच देतं. हिशेब असा चोख जुळतो, म्हणून वितळण्याचंच समीकरण उलटं चालवून गोठण्याचा वेळ काढण्याचा मोह होतो. तो टाळायलाच हवा. उष्म्याची रक्कम सारखी असली तरी त्याची ये-जा एकाच वाटेने होत नाही.

गोठण्याची सुरुवात थंड नळीवर होते आणि पहिला घन थरच पुढच्या उष्म्याच्या वाटेत आडवा येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिएन्नात योझेफ स्टेफान यांनी ध्रुवीय बर्फाच्या वाढीवरून हे गणित मांडलं: थराची जाडी वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. मेणाची उष्णतावाहकता मीटरला जेमतेम ०.२ वॅट प्रति अंश. सपाट भिंत वितळणबिंदूहून १० अंश थंड ठेवली, तर पहिला सेंटिमीटर गोठायला तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो, दुसऱ्याला त्याच्या तिप्पट. टाकीत उष्णता शिल्लक असते, पण हाती येते ती रडतखडत. वितळताना चित्र पालटतं. उभ्या तापत्या भिंतीलगत द्रवाची पातळ पट्टी तयार होते. ती पुरेशी रुंद झाली की गरम द्रव वर चढतो, वरच्या अंगाला घन मेणावर आदळतो आणि सरळ असलेली सीमा तिरपी होते. वरचा भाग झपाट्याने वितळतो, तळ मागे राहतो. तीच टाकी वरून तापवली तर हलका गरम द्रव वरच थांबतो आणि हे अभिसरण जवळपास बंद पडतं. म्हणजे भिंतीची दिशाही गणितात यायला हवी.

यावर आक्षेप असा, की एन्थाल्पी पद्धतीने हा भेद मिटवला आहे. व्होलर आणि प्रकाश यांनी १९८७ साली मांडलेल्या रीतीत सीमेचा पाठलाग करावा लागत नाही. अर्धवट वितळलेला भाग सच्छिद्र मानायचा आणि घनाचं प्रमाण वाढेल तसा प्रवाह मंदावत न्यायचा. रीत खरोखर सुंदर आहे, आणि समीकरणं दोन्ही दिशांना तीच चालतात. पण प्रवाह किती जोराने रोखायचा हे ठरवणारा स्थिरांक घनतेसारखा मोजून मिळत नाही, तो बऱ्याचदा प्रयोगाशी जुळेपर्यंत बदलला जातो. वितळण्याच्या प्रयोगाशी जुळवलेला आकडा गोठण्याबद्दल फारशी ग्वाही देत नाही, कारण तिथे अभिसरणाचा वाटाच कमी असतो.

पॅराफिनपुरतं एवढ्यावर भागेलही. क्षारांचं तसं नाही. सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट ५८ अंशांना वितळतं, पण निवताना स्फटिकाचं बीज मिळालं नाही तर खोलीच्या तापमानालाही द्रवच राहतं. ५८ अंशांना गोठणं गृहीत धरणारं प्रारूप तेव्हा प्रत्यक्षात न सुटलेली उष्णता जमेला धरतं. मारिया टेल्केस यांच्या १९४८ च्या डोव्हर येथील सौरघरात ग्लॉबरचा क्षार, म्हणजे जलयुक्त सोडियम सल्फेट, वापरला होता. तो सुमारे ३२ अंशांना वितळतो तेव्हा निर्जल क्षाराचा काही भाग तळाशी बसतो आणि निवताना पाण्याशी पुन्हा पुरता एकरूप होत नाही. आवर्तनागणिक साठवण घटत जाते. एकाच आवर्तनाच्या गणितात हे दिसणार नाही. म्हणून टाकीचं प्रारूप स्वीकारण्याआधी वितळत्या सीमेच्या चित्रासोबत गोठताना बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तापमानाचा आलेखही मागावा, आणि तो अनेक आवर्तनांनंतरचा असावा.