पवनचक्कीखालचा सरडा एवढा निवांत का?

ज्यांना ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय, बोललो तसाच.

वाशीहून (नवी मुंबईची नव्हे, आपली धाराशिवची) एकाचा व्हॉइस मेसेज आला होता. “आमच्या माळावर पवनचक्क्या झाल्यात. त्यानं पक्षी मरतात म्हणतात, ते ठीक. पण खाली जमिनीवर काय होतं?” प्रश्न मला लई आवडला. कारण नेमकं हेच महाराष्ट्रात मोजलं गेलंय, आणि तेही सरड्यावर.

आधी सरडा कोणता ते सांगतो. उन्हाळ्यात मुरमाड माळावर एखाद्या दगडावर चढून, मान वर करून, गळ्याखालची कातडी पंख्यासारखी फडकवणारा छोटा सरडा असतो. इंग्रजीत फॅन थ्रोटेड लिझर्ड. पंखा फक्त नराला. मादीला बोलवायचं आणि दुसऱ्या नराला ‘इथून फूट’ म्हणायचं, दोन्ही कामं त्याच पंख्यावर. मागच्या पायाला बोटंही चारच, पाच नाहीत.

1829 मध्ये कुव्हिए नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं या गटाला ‘सिताना’ नाव दिलं, आणि पुढं जवळपास पावणेदोनशे वर्षं भारतभरचे असले सरडे त्याच नावाखाली राहिले. 2016 मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिकठिकाणचे सरडे तपासले, डीएनए लावून बघितला, आणि एकाच पेपरात पाच नव्या जाती आणि एक नवी प्रजाती मांडली. त्या प्रजातीचं नाव काय ठेवलं? ‘सरडा’! आपला मराठी शब्द, जगभरच्या शास्त्रीय यादीत. निळा, काळा, नारिंगी असा भडक मोठा पंखा असणारे ते ‘सरडा’. फिका, लहान पंखा असणारे बहुतेक ‘सिताना’.

यातला सगळ्यात देखणा ‘सरडा सुपर्बा’ साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर राहतो. ठोसेघरला गेला असाल तर तिथल्या पवनचक्क्या तुम्ही पाहिल्यात. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर, आणि अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी त्याच पठारावर दोन भाग निवडले, एकात पवनचक्क्या, दुसऱ्यात नाहीत. मग मोजायला बसले. त्यांचा अभ्यास 2018 मध्ये छापून आला.

पवनचक्क्या नसलेल्या भागात तिसा, कापशी घार असे शिकारी पक्षी जवळपास चौपट निघाले. पात्यांच्या भागात ते फिरकतच नव्हते म्हणा ना. आता शिकारी नाही म्हटल्यावर सरड्यांची चंगळच. त्यांची संख्या तिथं जास्त भरली. माणूस चालत गेला तर ते बरेच जवळ येऊ देत होते, आणि रक्तातलं ताणाचं हार्मोनही कमी होतं.

इथं थांबलो तर वाटेल, झालं की, सरड्याचं भलं झालं! पण तेच सरडे अंगानं हडकुळे निघाले आणि नरांच्या पंख्याचा रंग फिका पडलेला. गर्दी वाढली, किडे तेवढेच, वाटेकरी जास्त. पोटाला कमी पडलं की त्याची झळ रंगापर्यंत जाते. आणि रंगावरच तर त्याचं लग्न ठरतं.

जंगलात वाघ नसला की हरणं वाढतात आणि गवताची वाट लागते, हे आपल्याला माहीत असतं. इथं उलटं घडलं. पवनचक्कीच माळावरचा वाघ झाली. तिनं घारीला हटवलं आणि खालचं सगळं गणित हललं.

आता हे जसंच्या तसं धाराशिवला लावू नका. चाळकेवाडी जांभ्या दगडाचा सडा, पाऊस धो धो. आपला बालाघाट काळ्या दगडाचा, कोरडा, आणि सरड्याची जातही वेगळी असणार. पण वर घार, मध्ये सरडा, खाली किडा ही उतरंड इकडंही तीच आहे. भूम, वाशी, कळंब पट्ट्यात पवनचक्क्या उभ्या राहतायत, त्या सहसा उंच, उघड्या माळावर. कागदावर त्या जमिनीला ‘पडीक’ म्हणायची पद्धत. शिवाय केंद्राच्या 2006 च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेत पवनऊर्जा प्रकल्पांचा समावेशच नाही. म्हणजे कोळशाच्या मोठ्या प्रकल्पाआधी जो अभ्यास सक्तीचा, तो इथं नाही. माझं मत विचाराल तर वीज पाहिजेच, आणि कोळशापेक्षा वारा केव्हाही बरा. पण माळावर पहिला खड्डा मारायच्या आधी तिथं काय राहतं हे मोजायला काय हरकत आहे? एकदा चक्की उभी राहिली की ‘आधी किती होते’ याला उत्तर कुठून आणणार?

ज्यांच्या गावात अजून काम सुरू झालं नाही त्यांनी एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊ-दहाला माळावर एक चक्कर मारा. उंच दगड बघत चला. सरडा दिसला की हळू पुढं सरका आणि तो पळाला तेव्हा तुम्ही किती पावलांवर होता ते मोबाईलमध्ये लिहा. लांबूनच फोटो काढा, हात लावू नका. वर आभाळात घार दिसली तर तीही मोजा. फोटो, तारीख आणि जागा आयनॅचरलिस्ट ॲपवर टाकता येते. वाशीवाल्या भावा, तुझ्या माळावर चक्क्या असल्या तरी शेजारच्या मोकळ्या माळावरही तेवढाच वेळ फिर, आणि दोन्हीकडचे आकडे मला पाठव.